पूजेला कोण बसणार

तिनं राजीनामा दिला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी फोनवर भांडत होते. ती समोर येऊन बसली, माझं भांडण संपेपर्यंत थांबली आणि मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "ताई, पुण्याला नोकरी मिळालीय. महिन्याची नोटीस देतेय."

वालीवच्या औद्योगिक वसाहतीत माझा गाळा आहे. आम्ही बाटल्यांची प्लास्टिकची बुचं करतो. औषधांच्या, तेलाच्या, फिनेलच्या. ही मुलगी साताऱ्याकडची. पॅकिंगला म्हणून लागली आणि आता गिऱ्हाइकं, ऑर्डरी, माल पास करणं, सगळं तीच बघते. गिऱ्हाइकाशी कधी गोड बोलायचं, कधी गप्प बसायचं, 'परवडत नाही' हे कुठल्या आवाजात म्हणायचं, हे मी तिला शिकवलं. मी चिडले की अख्खा गाळा माना खाली घालतो. ती एकटी समोर बसून चहा पीत राहते आणि माझं ओरडून झालं की विचारते, "झालं? आता इथं सही करा."

मी विचारलं, किती देतायत. तिनं सांगितलं. मला हसू आलं. एवढं तर मीही दिलं असतं, थोडी कुरकुर करून. मग मी जास्त देते म्हटलं. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी देते म्हटलं. येण्याजाण्याला रिक्षा लावून देते म्हटलं. ती प्रत्येक वेळी नुसती मान हलवायची. एकदाही तिनं पुढचा आकडा सांगितला नाही. माझी आई पाचूबंदरला मासळी विकायची आणि मी तिच्या पाटीशेजारी बसून मोठी झाले. भाव कितीही पाडून मागितला तरी आम्हाला राग येत नाही. न बोलता पुढे जाणाऱ्याचा येतो.

"पगारासाठी जात नाही, ताई," ती शेवटी म्हणाली. "तिथल्या बाईंनी मुलाखतीत विचारलं, घरी कोण कोण असतं. मी खरं सांगितलं. तर म्हणाल्या, मग तुमच्या जोडीदारासाठीही पुण्यात काम बघायला हवं, दोन-तीन हॉस्पिटलं आमच्या ओळखीची आहेत. एवढंच. आणि पुढचा प्रश्न विचारला. मी लोणावळ्यापर्यंत रडत आले."

ती जवळच उमेळ्याला एका फ्लॅटमध्ये राहते. तिच्यासोबत राहणारी मुलगी नर्स आहे, तिथलीच, ख्रिस्ती. जिथं नर्सच्या आजोबांची केळीची वाडी होती तिथं आता जी इमारत आहे, त्याच इमारतीत दोघींचं घर. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. हिचा डबा कधी मटकीची उसळ आणि भाकरी, तर नाताळ जवळ आला की त्यांच्याकडचे तळलेले गोडसर फुगे. ही आजारी पडली की फोन ती दुसरी करायची, आणि त्या आवाजातली काळजी रूममेटची नसते एवढं मलाही कळतं. पण मी कधी विषय काढला नाही. गाळ्यात कुणाला काढूही दिला नाही. समलिंगी लग्नाला मान्यता देणं आमच्या हातात नाही, ते संसदेचं काम, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला त्या दिवशी पोरं मोबाईलभोवती जमून हसत होती. ही टोपलीतली बुचं एकेक हातात घेऊन तपासत होती, तपासून झालेलीच पुन्हा. मी ओरडून सगळ्यांना मशीनवर पाठवलं.

म्हणून मला तिचं बोलणं फार लागलं. मी म्हटलं, "इतकी वर्षं झाली. मी एक शब्द तरी काढला का?"

"नाही," ती म्हणाली. "एकही नाही काढलात."

आभार मानल्यासारखं ती हे म्हणाली नाही. उठली आणि डिस्पॅचची गाडी बघायला गेली.

पुण्याच्या त्या मोठ्या कंपनीचा मला अजून राग आहे. त्यांनी केलं काय, तर एक चौकशी केली. फुकटची. आणि माझं तयार माणूस घेऊन चालले. हेच पाहिजे होतं तर मला सांगायचं, दोन दिवसांत जमवलं असतं. मी कमरेला पदर खोचून कामाला लागले.

आधी वकिलाकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. लग्न म्हणून कायदा ते धरत नाही. पण दोघींना एकत्र बँक खातं काढता येतं, नॉमिनी म्हणून एकमेकींची नावं देता येतात, मृत्युपत्र करता येतं, दवाखान्यासाठी लिहून ठेवता येतं. मी ऐकत होते आणि मला आमचा बाजार दिसत होता. बाकीच्यांना लग्न केलं की अख्खा वाटा एकदम पदरात पडतो, चांगली मासळी, बारीक मासळी, सगळी. या दोघींनी मात्र एकेक मासा निवडून घ्यायचा आणि प्रत्येकाचा वेगळा भाव करायचा. मग मी विम्याच्या एजंटला बोलावलं. आमच्या कामगारांचा मेडिक्लेम त्याच्याकडे आहे. तो म्हणाला, मॅडम, नवरा किंवा बायको, तिसरं काही बसत नाही. मी त्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण नर्सची वेगळी पॉलिसी काढायची आणि हप्ता गाळ्यानं भरायचा, यावर तो आनंदानं तयार झाला.

हे सगळं मी हिच्यापुढे मांडलं. मला वाटलं, आता विरघळेल. ती हसली.

"ताई, खातं, नॉमिनी, मृत्युपत्र, हे आम्ही केव्हाच केलंय. वकीलही बहुतेक तेच आहेत. जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या आहेत तेच ना?"

तेच होते. मी विचारलं, मग पाहिजे काय तुला? ती म्हणाली, काही नको. 'काही नको' म्हणणाऱ्या माणसाशी सौदा कसा करायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही.

पुढच्या रविवारी नर्स स्वतः माझ्या घरी आली, ड्युटीवरून थेट. ती मला आंटी म्हणते. ते मला आवडत नाही, पण तिच्या तोंडून चालवून घेते. पाणी प्यायच्या आधीच बोलायला लागली. "आंटी, मला पुण्याला नाही जायचं. माझे आई-बाबा इथं, दोघं थकलेत. चर्चमध्ये गायला जाते ते इथं. तिथं मी काय करू? पण तिला थांब कुठल्या तोंडानं सांगू? माझ्या हातात काहीतरी द्या."

"काय देऊ? सगळं देऊन बघितलं."

"ते तुम्ही शोधा. धंदा तुमचा आहे."

ही बाई मला एकदम आवडली. चहा झाला, बिस्किटं झाली. चपला घालताना ती म्हणाली, "दरवर्षी तुमच्या गाळ्यातल्या पूजेला मी येते. चपलांच्या ढिगाजवळ उभी राहते. ती सगळ्यांना सांगते, ही माझी रूममेट. शिरा छान असतो तुमचा." आणि जिना उतरून गेली.

मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

आमच्या पूजेची गोष्ट अशी. नवरा गेला, त्यानंतर दीड-दोन वर्षांनी मी जुनं मशीन घेतलं आणि गाळा सुरू केला. पहिल्या वर्षी सत्यनारायण घातला. साडी नेसून पाटावर बसायला गेले तर गुरुजी म्हणाले, जोडपं लागतं, तुम्ही मागे बसा. कर्ज माझं, मशीन माझं, आणि पाटावर बसायला मी चालत नाही. मी त्या दिवशी भांडले नाही, लोक उपाशी ताटकळले होते. आमच्या मिस्त्रींना आणि त्यांच्या बायकोला बसवलं. पण तेव्हाच ठरवलं की कुणा एकाचा हा मान नको. दरवर्षी कामगारांपैकी एक जोडपं बसेल, नोकरीच्या ज्येष्ठतेनं. लोकांना हे फार आवडतं. ज्याची पाळी असते त्याच्या बायकोची साडी महिनाभर आधी ठरते. काल-परवा लागलेल्या ऑपरेटरची पाळी येऊन गेली. हिची आली नाही. ती 'अविवाहित' म्हणून मीच दरवर्षी पुढच्या नावावर जात होते.

सोमवारी चहाच्या सुट्टीत मी जाहीर करून टाकलं की यंदा पूजेला ही बसेल, आणि शेजारी नर्स बसेल.

कॉम्प्रेसर चालू होता आणि सगळे मिस्त्रींकडे बघायला लागले. मग मिस्त्री बोलले. कोकणातले, माझ्याकडचे सगळ्यात जुने. गणपतीला गावाहून येताना हिच्यासाठी वेगळे मोदक आणणारे.

"ताई, कोर्टानं नाही म्हटलंय. आपण कोर्टापेक्षा मोठे का?"

मशीनवरचा उत्तर प्रदेशचा पोरगा तिथूनच म्हणाला, "चाचा, कोर्ट का मानना है तो ओव्हरटाइम का भी मानो." हशा पिकला. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो मशीनला लागला. पॅकिंगच्या एका बाईनं हळूच विचारलं, पण दोघींत नवरा कोण? पॅकिंगचीच आमची अर्नाळ्याची बाई तिला म्हणाली, "तुज्या घरात कोन हाय ते सांग आधी." आता तर सगळे हसले, विचारणारी सुद्धा.

मिस्त्री हसले नाहीत. "पोरगी गुणाची आहे, मी काय तिच्या वाईटावर आहे का? पण देवासमोर खोटं नको, ताई."

मी म्हटलं, "आजपर्यंत ती रूममेट म्हणून सांगत होती, ते खोटं होतं. तेव्हा देव तिथंच होता."

त्यांनी कप ठेवला आणि गेले. मला वाटलं, जिंकले. मागे वळून बघते तर ही लालबुंद होऊन उभी.

"ताई, मला विचारलंत?"

"तू राजीनामा देताना मला विचारलंस?"

"अख्ख्या गाळ्यासमोर! तिचा धर्म वेगळा, तिच्या घरचे काय म्हणतील, काही विचार केलात? मी कुठं म्हटलं होतं मला पाटावर बसायचंय?"

पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली. माझ्यासारखंच, तोंडावर हात न ठेवता, कॉम्प्रेसरच्या वरचा आवाज लावून. मला फार बरं वाटलं. इतके दिवस 'काही नको' चाललं होतं. निदान आता भांडण तरी सुरू झालं. मी म्हटलं, नको असेल तर आत्ता सांग, नाव काढते. ती तरातरा पॅकिंगकडे निघून गेली. पुढे दोन दिवस फक्त कामापुरतं बोलत होती. तिसऱ्या दिवशी ऑर्डरीचे कागद ठेवताना पाठमोरी होऊन म्हणाली, "ती विचारतेय, साडी नेसायची का ड्रेस चालेल."

मी नर्सला फोन केला. विचारलं, बाई, तुझ्या फादरना विचारलंस का? ती म्हणाली, "नाही विचारणार, आंटी. विचारलं की त्यांना नाही म्हणावं लागतं. न विचारता आले तर ते फक्त मान हलवतील आणि रविवारी गायला सूर लाव म्हणतील. आईला सांगितलंय. ती म्हणाली, शिरा आण."

राहिले गुरुजी. पहिल्या वर्षीचे तेच. आता वय झालंय, पण नियम तरुण आहेत. मी त्यांना गाळ्यात बोलावलं, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. जोडपं म्हणजे पती-पत्नी, म्हणाले.

मी विचारलं, "गुरुजी, बायको बाहेरगावी असली किंवा नसलीच, तर यजमान पूजेला बसतो ना?"

"बसतो. शेजारी सुपारी ठेवतो आपण, पत्नीच्या जागी."

"म्हणजे सुपारी चालते, आणि जिवंत माणूस चालत नाही?"

गुरुजींनी डोळे उघडले. मग म्हणाले, पण ती मुलगी ख्रिस्ती आहे. मी म्हटलं, सुपारीची जात-धर्म तुम्ही कधी विचारलात का? आणि इतकी वर्षं तीर्थप्रसाद घेते, तेव्हा तुम्हीच तिच्या हातावर तीर्थ घातलंत. ते म्हणाले, विचार करून कळवतो. मी म्हटलं, इथंच करा, पंखा चालू आहे. ते उपरण्याचं टोक चाळवायला लागले.

"संकल्पात काय म्हणू?" त्यांनी विचारलं. म्हणजे सौदा झाला होता, फक्त पिशवीत भरणं बाकी होतं.

"तुम्ही एरवी 'सहकुटुंब, सहपरिवार' म्हणता ना? तेवढंच म्हणा."

पूजेच्या दिवशी सकाळी मिस्त्री आले नाहीत. त्यांची बायको आली, केळीचे खुंट बांधायला लागली, आणि विचारलं तर म्हणाली, ह्यांचं डोकं दुखतंय, आपोआप थांबेल. दोघी आल्या. एकीनं आबोली रंगाची, दुसरीनं हिरवी साडी नेसली होती. पॅकिंगच्या बायकांनी दोघींच्या केसांत गजरे माळले आणि नर्सच्या निऱ्या पुन्हा घातल्या. ती पाटावर बसली तशी पाटच पुढे सरकला. सगळे हसले आणि वातावरण जरा सैल झालं.

मी आईलाही आणलं होतं. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं, म्हणून ती समजते की आपलं बोलणंही कुणाला ऐकू येत नाही. तिला पुढे खुर्चीवर बसवलं.

पूजा नीट चालली होती. मग अर्घ्य देण्याची वेळ आली. एरवी यजमान पळीनं पाणी सोडतो आणि बायको त्याच्या हाताला हात लावते. गुरुजी सवयीनं म्हणाले, "हाताला हात लावा," आणि थांबले. कुणी कुणाच्या लावायचा, हे त्यांना सांगता येईना. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. हिच्या हातातली भरलेली पळी कलायला लागली. मागे कुणीतरी खाकरलं. इतकं सगळं ठरवलं होतं, आणि एवढं एक राहिलं होतं.

आई मोठ्यानं म्हणाली, "अगं, कोनी पन कोनाच्या लावा. पानी सांडतंय."

नर्सनं हिच्या मनगटावर हात ठेवला. पाणी ताम्हनात पडलं. गुरुजींनी मंत्र पुढे चालू केला, जरा घाईनं. माझ्या शेजारी अर्नाळ्याची बाई पदरानं नाक पुसत होती आणि मला सांगत होती की धूप फार झालाय.

आरतीच्या वेळी मिस्त्री आले. चपलांजवळच उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. प्रसाद वाटायला या दोघी उठल्या तेव्हा मी बघत होते. नर्सनं शिऱ्याचा द्रोण त्यांच्यापुढे धरला. हिनं म्हटलं, "मिस्त्री, ही..." आणि शब्द शोधत राहिली. तिला रूममेट म्हणायचं नव्हतं आणि दुसरा शब्द कधी वापरलेला नव्हता. मिस्त्रींनी द्रोण घेतला.

"माहितीय," ते म्हणाले. "घरचं माणूस. अजून थोडा वाढ, माझं डोकं दुखत होतं."

ते पूर्ण मनानं म्हणाले, असं मी सांगणार नाही. अजूनही चहाच्या वेळी ते कोर्टाचा मुद्दा काढतात आणि मी ओरडते. पण वाढून घेतला.

पूजेनंतरच्या सोमवारी ती माझ्या समोर येऊन बसली. चहा मागवला. मी राजीनाम्याबद्दल काही विचारलं नाही. विचारणारा आधी हरतो.

"एक वर्ष थांबते," ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की पटकन रागवावं लागलं. "एका वर्षात बुचांच्या नवीन मोल्डचा खर्च सुद्धा वसूल होत नाही. पाच."

"पाच? पुण्याची कंपनी मला आज बोलावतेय. आणि तिची ती पॉलिसी, हप्ता गाळ्याचाच राहील."

"राहील. चार."

"दीड. आणि तिची नाईट असते त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उशिरा येणार. लग्न झालेल्यांना जे जे सांगता येतं ते मी सांगणार. घरी पाहुणे, घरी आजारपण, घरी भांडण. तुम्ही भुवई वर करायची नाही."

"भुवई माझी आहे. तीन."

ती म्हणाली, घरी विचारावं लागेल, आणि माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडे हॉस्पिटलचा गलका ऐकू येत होता. हिनं सांगितलं, ताई तीन म्हणतायत. पलीकडून नर्सचा आवाज स्वच्छ आला, कारण ती माझ्यासारखीच बोलते: "तीन? आंटीला सांग दोन. तोवर दिल्लीत काही झालं तर आपण रीतसर लग्न करू, आणि पंधरा दिवसांची रजा वेगळी."

"आठ दिवस," मी फोनकडे तोंड करून म्हटलं.

दोन वर्षांवर मिटलं. रजेचं अजून भांडण चालू आहे. दिल्लीत काय होईल ते मला माहीत नाही. तिथल्या लोकांशी मला समोरासमोर बसता येत नाही, नाहीतर बघितलं असतं. त्या पुण्याच्या कंपनीनं मध्येच एकदा फोन केला होता, तिनं नम्रपणे नाही म्हणून सांगितलं. मला दिला असता तर मी नम्रपणे सांगितलं नसतं.